पचनसंस्था अन् माह्या दप्तरातली पुडी

ऐका रे, मी काही खोटं सांगत नाही! आमच्या शाळेत माह्याइतकं धडाधडा वाचनारं पोट्टं आजवर पैदा झालं नाही! दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगात पट्टा फिराले लागला का कसा फडफड फडफड आवाज निंघते? तसा मी वाचतो! दुसरे पोट्टे पहिल्या ओळीतल्या जोडाक्षराले अडकून खोकत बसत, तोवर मी पान संपवून, हाताची घडी घालून, खिडकीतून बाहेर कोनाचा बैल चालला थे पाहत बसलो असो. अख्खा गाव म्हने, "पुंडलिकरावचा गुनवंता म्हन्जे मशीन हाय मशीन!"

मंग तांड्यातून प्रेमसिंग आला.

तांडा आमच्या गावापासून अर्ध्या कोसावर. चौथीपर्यंत थो तिथंच शिकला, अन् मंग आमच्या शाळेत. त्याच्या घरी सगळे बंजाऱ्याइची गोर बोली बोलतात. मराठी त्याले शाळेत आल्यावर कळली. अन् मले? मले त् पाळन्यातच कळली! मी पहिल्यांदा रडलो असन थेबी मराठीतच! म्हनून मी प्रेमसिंगकडं पाहून गालातल्या गालात हासलो. आता सांगतो, थे हासनं मले लय महाग पडलं.

बासष्ट सालची गोठ हाय ही. आम्ही सातवीत. सदाशिव गुरुजीनं डोक्यात घेतलं का पोट्ट्याइले नुसतं वाचता येऊन उपयोग नाही, वाचलेलं समजलं पाह्यजे. त्याइनं जाड्या कागदावर स्वतःच्या हातानं उतारे लिहून आनले. हे एवढाले, आठ-दहा ओळीचे. सगळे आपल्या शरीराचे! एक रक्ताचा, एक श्वासाचा, एक हाडाइचा. एक उतारा वाचाचा, कागद पालथा घालाचा, अन् मंग गुरुजी इचारतीन त्याचं उत्तर द्याचं.

अन् आमच्या शाळेचा कायदा तुमाले माहीतच हाय. ज्याचं उत्तर बरोबर, त्यानं चुकलेल्याइचे कान पिळाचे!

पहिला उतारा रक्ताचा. मी एका दमात संपवला. प्रेमसिंग ओळीखाली बोट ठेवून, ओठ हालवत, मुंगी भिताडावर चढते तसा चालला होता. मी मनात म्हटलं, चाल बाबा चाल, संध्याकाळपर्यंत पोचशीन!

गुरुजी म्हणाले, "गुणवंत, रक्ताचा रंग लाल कशामुळे असतो?"

"तिखट खाल्ल्यानं, गुरुजी!"

"उताऱ्यात असं लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पन सगळ्याइले माहीत हाय!"

वर्ग हासला. प्रेमसिंग हळूच उठला अन् म्हने, "गुरुजी, रक्तात तांबड्या पेशी असतात, त्यामुळे." अन् मंग थो माह्याकडं आला. माहा उजवा कान त्यानं धरला अन् पिळला. बिचाऱ्यानं हळूच पिळला, पन कान माहा होता ना!

दुसऱ्या दिवशी श्वासाचा उतारा. "आपण श्वास का घेतो?" मी म्हटलं, "नाही घेतला त् मरू म्हनून!" कान! तिसऱ्या दिवशी हाडं. "शरीरात हाडांचे काम काय?" मी म्हटलं, "मोडाचं!" कान! पंधरा दिवसात माहा उजवा कान डाव्यापेक्षा दोन बोटं लांब झाला. टोपी घातली का एकीकडं उचलून ये!

घरी गेलो त् तिथंबी थेच! प्रेमसिंग एक दिवस आमच्या घरी पळसाची पानं घेऊन आला, त् माह्या मायनं, खुद्द माह्या सख्ख्या मायनं, त्याले तुपाचा गोळा घालून भाकर देली! मले कधी देली होती काय? अन् वरून म्हने कशी, "काय गुनाचं पोट्टं हाय रे हे! नाव तुहं गुनवंता, अन् गुन सगळे याच्याजवळ!"

"माय, थो मुंगीवानी वाचते!"

"वाचू दे. तू घोड्यावानी वाचते, त् काय दिवे लावले?"

प्रेमसिंग खाली मान घालून भाकर खात होता. आमचा ढवळा बैल, जो मले पाहून नेहमी शिंगं उगारते, थो त्याचा हात चाटत होता! मी ढवळ्याकडं असं पाह्यलं का, त्याले लाज असती त् वैरन सोडली असती.

एवढ्यावर भागलं असतं त् भागलं असतं. पन एका शुक्रवारी गुरुजी वर्गात आले अन् म्हणाले, "येत्या सोमवारी डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार आहेत. उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं जो उत्तम देईल, त्याला यवतमाळला वाचन-स्पर्धेला पाठवायचं आहे. एसटीनं."

एष्टीनं!

गड्यांनो, तुमाले खोटं वाटन, पन मी तोवर एष्टीत पाय ठेवला नव्हता. दिग्रसच्या बाजारात उभं राहून तिची धूळ तेवढी खाल्ली होती. खिडकीजवळ बसाचं, हात बाहेर काढाचा, कंडक्टरनं ओरडाचं, मंग हात आत घ्याचा, हे सगळं मी मनात लय डाव करून ठेवलं होतं. अन् आता माह्या खिडकीजवळ थो मुंगीछाप बसन? त्याचा हात बाहेर? त्याच्यावर कंडक्टर ओरडन? माह्या पोटात अशी आग पडली का तिच्यावर भाकर भाजून निंघाली असती!

मी ठरवलं. याचं काहीतरी गुपित हाय, थे काढाचंच!

रविवारी सकाळीच तांड्यावर गेलो. तिथं कोनाचा तरी नवस फेडाचा होता. बोकड कापून झाडाले टांगलं होतं. प्रेमसिंगचा बाप, हिरासिंग नाईक, बाह्या मागं सारून बसला होता अन् एक एक भाग काढून पळसाच्या पानाइवर वाटे घालत होता. बाजूलेच प्रेमसिंग! बापाकडं पाठ करून बसलेला, अन् मागं हात करून एक एक पान देऊन राह्यलेला.

मी पाह्यलं, अन् माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला! हे गुपित होय! आपन कागदावर वाचून राह्यलो, अन् याच्या घरी पूर्ण उतारा झाडाले टांगलेला! काळीज, फुफ्फुस, आतडी, सगळं जागच्या जागी! अन् याले इतकं पाठ झालं का थो वळूनबी पाहत नाही! आमच्या घरी काय हाय? बाबा माळकरी. आमच्या घरी चिरतात काय, त् वांगं! वांग्याच्या पोटातून काय निंघते? बिया! मंग मी कसा हुशार होईन?

मी हिरासिंगजवळ उकिडवा बसलो. "नाईक काका, हे काय होय?"

"काळीज, बेटा."

"अन् हे?"

"ही वजडी. बोकडाचं पोट."

"एवढालं? अन् हे कप्पे कायचे?"

हिरासिंगले आवडलं का पोट्टं मन लावून इचारून राह्यलं. त्यानं मले बोटानं मोजून दाखवलं. "पाह्य. एक, दोन, तीन, चार. चार कोठे. चारा पहिले याच्यात पडते. मंग बोकड बसलं का थो चारा तोंडात परत येते. रवंथ करते. मंग थो इकडल्या कोठ्यात जाते."

मी स्वतः बोट लावून चार डाव मोजले. डोळे मिटून घोकलं. चार कोठे, परत तोंडात, रवंथ! चार कोठे, परत तोंडात, रवंथ! प्रेमसिंग तिकडं तोंड करूनच म्हने, "अबे गुनवंता, तू इथं कायले आला?"

"अभ्यासाले!" मी म्हटलं. मनात म्हटलं, तुहं गुपित फुटलं, बेट्या!

मी उठलो, त् हिरासिंगनं वजडीची एक पुडी माह्या हातात देली. पळसाच्या पानात बांधलेली, गरम गरम. "घे. तुहा वाटा."

"मले कायले, काका? आमच्या घरी खात नाहीत!"

"खात नाहीत थे तुमचं. पन वाटे पडताना जो हजर असते त्याचा वाटा पडतेच. घरातला असो का बाहेरचा. तुले नाही देला त् आमच्या तांड्याची मान खाली जाईन."

प्रेमसिंगची माय भुरीबाई घरातून म्हने, "आव बेटा, बेस," म्हन्जे ये बस. ही आता भाकर देईन, अन् खाल्ली त् बाबा माळेसकट माह्या अंगावर येतीन! मी पुडी घेऊन जो पळालो, थो गावाच्या शिवेवर येऊन थांबलो.

फेकून द्याची होती ना पुडी? तुम्ही फेकली असती. पन माह्या डोक्यात एष्टी फिरून राह्यली होती! मी म्हटलं, थांब. ही पुडी नाही, हा उतारा हाय! सोमवारी सायबानं प्रश्न इचारला का दप्तरात हात घालाचा, चाचपाचं, अन् उत्तर द्याचं! वाचाची गरजच नाही!

चुलीजवळून मूठभर मीठ चोरलं, पुडीत कोंबलं अन् पुडी गोठ्यात कोनाड्यात ठेवली. ढवळ्यानं रातभर वैरनीले तोंड लावलं नाही. सकाळी माय नाकाले पदर लावून म्हने, "गोठ्यात कायचा वास येऊन राह्यला रे?"

"कायचा नाही, माय! मी रातभर अभ्यास करत होतो ना!"

सोमवारी शाळेत सडा-रांगोळी. दारात तोरन. टेबलावर धुतलेली चादर, त्याच्यावर गुरुजीच्या उताऱ्याइचा गठ्ठा. मधात खुर्चीवर डिप्टीसायेब, अंगात कोट, डोळ्याले चष्मा. अन् त्याइच्या उजव्या बाजूले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाले बुक्का, शाळा समितीचे सभासद म्हनून, आमचे बाबा!

बाबाइले पाहून मी दप्तर पायानं बाकाखाली ढकललं. पन मंग मी म्हटलं, बरंच हाय! आज पाहतीन पोराचं तेज!

सायबानं गठ्ठ्यातून एक उतारा ओढला. फळ्यावर गुरुजीनं नाव लिहिलं, "पचनसंस्था".

गड्यांनो, मी बाकाखाली नाचलो! माहाच उतारा निंघाला! कागद वाटले. सगळे वाचाले लागले. प्रेमसिंगचं बोट चाललं, ओठ हालले, ओळ संपली का पुन्हा त्याच ओळीवर आला. मी कागदाकडं पाह्यलंसुद्धा नाही! डावा हात दप्तरात घातला, पुडी सोडली, अन् चाचपून मोजाले लागलो. एक... दोन...

माह्या बाजूचं पोट्टं नाक दाबून सरकत सरकत बाकाच्या टोकाले गेलं. अन् दारात एक काळं कुत्रं येऊन उभं राह्यलं. त्यानं नाक वर केलं. सायबाकडं पाह्यलं, गुरुजीकडं पाह्यलं, बाबाकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं, अन् खालीच बसलं. त्याले कळलं होतं, वर्गात हुशार कोन हाय थे!

"कागद पालथे घाला," सायेब म्हणाले. गुरुजीनं थे गोळा करून गठ्ठ्यावर ठेवले, अन् सायबानं इचारलं, "आता सांगा, माणसाच्या जठराविषयी उताऱ्यात काय माहिती दिली आहे?"

माहा हात असा वर गेला का खांदाच निखळला असता! "सायेब, मी! सायेब, मी!"

"हं, तू सांग."

"सायेब, जठराले चार कोठे असतात!"

सायबानं चष्मा खाली केला. "चार?"

"हाव सायेब! पहिल्या कोठ्यात चारा पडते!"

"कोणाच्या?"

"आपल्या सायेब! मंग आपन निवांत बसलो का थो चारा परत तोंडात येते, अन् आपन रवंथ करतो!"

गुरुजी भिताडाले टेकले. सायेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तू रवंथ करतोस?"

"मी एकटा नाही सायेब, सगळेच करतात! तुम्हीबी! गुरुजीबी! आमचे बाबाबी!"

वर्गात असा हासा फुटला का छपरावरची पाखरं उडाली. प्रेमसिंगसुद्धा तोंडावर हात ठेवून थरथरत होता. मले एवढा राग आला का इचारू नका! हा काय हासते? याच्याच घरचं तर ज्ञान हाय हे! मी ओरडलो, "हासू नका! मी माह्या डोळ्यानं पाह्यलं! पुरावा हाय!"

अन् दप्तरातून पुडी काढली, अन् सायबाच्या समोर, धुतलेल्या चादरीवर, उताऱ्याच्या गठ्ठ्यावर, उघडून ठेवली!

बाबा त्या वजडीकडं पाहत होते. माळ हातात घट्ट धरून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "गुनवंता... हे काय होय?"

"बाबा... पचनसंस्था."

पुढचं कुत्र्यानं केलं. दारातून जे सुटलं थे सरळ टेबलावर! सायेब खुर्चीवर चढले. गुरुजी फळ्यामागं गेले. बाबा 'इठ्ठला इठ्ठला' करत खिडकीत! कुत्र्यानं वजडी धरली, पन मिठानं ओल्या झालेल्या कागदाइले ती चिकटली होती. म्हनून वजडीबरोबर रक्ताभिसरन गेलं, श्वसन गेलं, हाडं गेली, अख्खा गठ्ठा गेला! कुत्रं पुढं, आम्ही सगळे पोट्टे मागं, कपाशीच्या वावरातून! जागोजागी फांद्याइले गुरुजीचं सुवाच्य अक्षर अडकलेलं!

हात हालवत परत आलो त् सायेब पुन्हा खुर्चीवर बसले होते, पन पाय वर घेऊन. म्हणाले, "उतारा तर गेला. आता त्यात काय होतं ते कोणी सांगू शकेल?"

प्रेमसिंग उठला. अन् पहिल्या ओळीपासून सांगाले लागला. "आपण खाल्लेले अन्न अन्ननलिकेतून जठरात उतरते. माणसाचे जठर ही एकच पिशवी असते. तेथे अन्न तीन-चार तास घुसळले जाते..." शेवटच्या ओळीपर्यंत! एक शब्द इकडचा तिकडं नाही!

एकच पिशवी! लिहिलंच होतं! माह्या नाकासमोर, पालथ्या कागदावर लिहिलं होतं!

"शाबास!" सायेब म्हणाले. "इतकं कसं रे लक्षात राहतं?"

प्रेमसिंग लाजला. म्हने, "सायेब, आमच्या घरी मराठी नाही बोलत. मले एकडाव वाचून समजत नाही. म्हनून मी एक ओळ तीन डाव वाचतो. तीन डावात पाठच होते."

मले राहवलं नाही. सायेब समोर हायेत हे इसरून मी म्हटलं, "अबे, मंग थे बोकडाचं? थे पाठ करून नाही शिकत तू?"

"बोकडाकडं कोन पाह्यते बे? मले रगत पाह्यलं का भोवळ येते! म्हनून त् मी पाठ करून बसतो अन् मागून पानं देतो!"

आता तुम्हीच सांगा, अशा मानसाचा हेवा करून मी पंधरा दिवस झुरलो!

सायेब म्हणाले, "ह्याचं नाव लिहा यवतमाळला." गुरुजीनं लिहिलं. अन् मंग कायदा होता, थो पाळावाच लागला. प्रेमसिंग माह्याजवळ आला, माहा लांबका कान धरला, अन् कानातच हळूच म्हने, "यवतमाळाहून तुह्यासाठी काय आनू?" कान पिळला असता त् बरं झालं असतं रे!

बाबानं मले नदीवर नेऊन तीन डाव आंघोळ घातली. दप्तराले चार डाव! मंग तावातावानं तांड्यावर गेले, हिरासिंगले जाब इचाराले. हिरासिंग म्हने, "पुंडलिकराव, वाटा देला नसता त् तुमच्या पोराचा अपमान झाला असता. तो आम्ही कसा करावा?" बाबा तिथलं पानी पिऊन परत आले. अन् गुरुजीनं मले शिक्षा देली ती अशी का, कुत्र्यानं नेलेले सगळे उतारे मी नवे लिहून काढाचे. गुरुजी तोंडानं सांगत, मी लिहो. एक एक उतारा, तीन तीन प्रती!

म्हनून सांगतो, आता मले काहीबी इचारा! जठर एक! फुफ्फुसं दोन! रक्त तिखटानं लाल होत नाही!

प्रेमसिंग चार दिवसानं यवतमाळाहून आला. दुसरा नंबर आनला होता. सगळा गाव त्याच्याभोवती. मी लांबच उभा होतो, पन शेवटी पाय ओढून गेलोच. इचारलं, "एष्टी कशी असते बे?"

थो म्हने, "काय सांगू गुनवंता! अर्ध्या रस्त्यापर्यंत ठीक होतं. मंग पोटात असं ढवळलं का खाल्लेलं सगळं परत तोंडात! खिडकीतून डोकं काढलं, त् कंडक्टर लय ओरडला!"

बाजूलेच उभ्या मायनं इचारलं, "काय झालं रे? त्याले त्रास झाला, त् तुहं तोंड काहून उतरलं?"

काय सांगू मायले? खिडकीजवळची जागा. डोकं बाहेर. कंडक्टर ओरडला.

गड्यांनो, कोनाले सांगू नका. मले त्याच्या ओकारीचाबी हेवा वाटला!